पंपाच्या बंदुकीची कैफियत

वर्धा शहराच्या कडेला लागलेल्या आणि आता शहरापासून निराळ्या ओळखूही न येणाऱ्या ज्या वस्त्यांच्या नावापुढे 'मेघे' हे उपपद लावण्याची सरकारी दप्तराची जुनी रीत आहे, त्या बोरगाव, सिंदी, सावंगी आणि पिपरी यांपैकी पिपरी मेघे येथे राहणाऱ्या सामान्य माणसास बंदूक दृष्टीस पडते ती बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे बँकेच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या पहारेकऱ्याच्या मांडीवर. ती एकनळी किंवा दुनळी असते; तिच्या नळ्या घासून पांढुरक्या झालेल्या असतात, आणि तिची रचना इतकी सरळ असते की ती मध्ये मोडून आत काडतूस सारावे व पुन्हा मिटावी, यापलीकडे तिच्यात समजून घेण्यासारखे फारसे काही उरत नाही. प्रस्तुत प्रकरण ज्या बंदुकीविषयी आहे ती याहून पुष्कळच गुंतागुंतीची आहे, आणि जगात तिचा जितका खप झाला तितक्याच तिच्याविषयी तक्रारीही झाल्या.

गांधीजी १९३४ साली ज्या वर्ध्यास आणि १९३६ साली ज्या शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले, त्या मुलखात बसून बंदुकीच्या रचनेची चिकित्सा करावी हे एखाद्या वाचकास विसंगत वाटेल. मला मात्र तसे वाटत नाही, कारण वापरणाऱ्या माणसाने यंत्राकडून नेमके काय मागावे, हा प्रश्न या देशात जितक्या स्पष्टपणे चरख्याच्या निमित्ताने मांडला गेला तितका क्वचितच अन्य कोणत्या वस्तूविषयी मांडला गेला असेल. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्याच्या अटी अशा होत्या: यंत्र हलके व उचलून नेण्याजोगे असावे, हाताने अथवा पायाने चालावे, एका स्त्रीने आठ तास विशेष श्रम न होता ते चालवावे आणि त्यावर त्या वेळात १२ ते २० नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास ते वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून वर जाऊ नये. बक्षिसाच्या या जाहिरातीत यंत्राच्या रूपाविषयी एक अक्षर नाही. जे आहे ते सारे वापरणाऱ्याच्या खांद्याविषयी, खिशाविषयी आणि गावातल्या कारागिराविषयी आहे. कोणत्याही यंत्राची फिर्याद याच कलमांवर चालवावी असे माझे मत असल्याने मी या बंदुकीसही तीच कलमे लावणार आहे.

प्रथम बंदुकीची ओळख करून घेऊ. 'बारा बोर' या शब्दातील बारा हा आकडा नळीच्या व्यासाचा नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी, आणि तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. पंपाच्या बंदुकीत अशी एकच नळी असते आणि तिच्याखाली समांतर दुसरी एक बारीक नळी असते, जिच्यात काडतुसे एकामागून एक ओळीने भरलेली असतात. या खालच्या नळीवर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची एक मूठ मागेपुढे सरकते. मूठ मागे ओढली की उडालेले काडतूस आकड्याने खेचले जाऊन बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस खालच्या नळीतून सुटून एका पट्टीवर येते; मूठ पुढे लोटली की ती पट्टी काडतुसाला वर उचलते, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता ठोकळा, त्याला नळीत ढकलतो आणि मागून कुलूप बसते. विहिरीवरच्या हातपंपाचा दांडा हलवावा तशी ही क्रिया होते म्हणून तिला पंप हे नाव पडले. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, या बंदुकीत दारूचा वायू काडतूस बदलण्याचे काम करीत नाही. ते मुख्यतः माणसाच्या डाव्या हाताच्या बळावर चालते. पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी निदान दोन तरी या एका गोष्टीतून उगवलेल्या आहेत.

अमेरिकेत ख्रिस्तोफर स्पेन्सर याने १८८२ साली अशा बंदुकीचे पेटंट घेतले, आणि जॉन ब्राउनिंग या असामान्य कारागिराने १८९३ साली तिला जे रूप दिले ते १८९७ च्या विंचेस्टरमध्ये स्थिरावले. ती विंचेस्टर पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये पोहोचली, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मन सरकारने हेगच्या करारातील अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांच्या मनाईचा आधार घेऊन तिच्याविरुद्ध राजनैतिक निषेध नोंदविला व अमेरिकेने तो फेटाळला. शस्त्राच्या रचनेविरुद्ध ज्याच्यावर ते रोखले जाते त्याने केलेली ही तक्रार आहे. आपण येथे ज्याच्या हातात ते असते त्याच्या तक्रारींचा विचार करीत आहोत. पण पहिली तक्रार नजरेआड करून दुसरीविषयी बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते, म्हणून तिची नोंद केली.

ज्या बंदुकीवर सर्वांत अधिक तक्रारी जमल्या ती म्हणजे रेमिंग्टन कंपनीची ८७०, जी १९५० साली बाजारात आली. पूर्वीच्या पंपबंदुका चांगल्या होत्या; परंतु त्यांचे अनेक भाग हाताने कानशीने घासून बसवावे लागत आणि त्यामुळे त्या महाग पडत. ८७० च्या रचनाकारांनी कारागिराचे हे काम यंत्राकडून करवून घेतले: मधली पेटी, जिला रिसीव्हर म्हणतात, ती पोलादाच्या एका ठोकळ्यातून कोरून काढली, बोल्टाचे कुलूप पेटीत न बसविता थेट नळीच्या मागे वाढविलेल्या भागात बसविले, आणि मूठ व बोल्ट यांना जोडणारी दांडी एकाऐवजी दोन्ही बाजूंनी घातली, जेणेकरून मूठ वाकडी ओढली तरी बोल्ट तिरपा होऊन अडकू नये. दारात खिटी एकाच बाजूस असली म्हणजे ते कसे अडते हे ज्याने पाहिले आहे त्याला या दुहेरी दांडीचे मोल सांगावयास नको. या गुणांच्या बळावर २००९ पर्यंत अशा एक कोटी बंदुका तयार झाल्या.

आता फिर्याद. पहिले कलम हे सर्वस्वी आराखड्यावर येते, आणि मी ते सर्वांत गंभीर मानतो. खालच्या नळीत काडतूस भरताना अंगठ्याने ते पुरते आत ढकलावे लागते, म्हणजे बाजूचा अडसर त्याच्या कडेमागे टिचकन बसतो. घाईत, थंडीत, अथवा जाड हातमोज्यात हे ढकलणे अर्धवट राहिले तर काडतूस मागे निसटते आणि उचलणारी पट्टी व बोल्ट यांच्या दरम्यान आडवे सापडते. जुन्या ८७० मध्ये अशा वेळी पट्टी वर उचलली जात नाही, बोल्ट मागे येत नाही, मूठ जागची हलत नाही, आणि भरलेली बंदूक हातात असूनही निरुपयोगी होते. ती सोडविण्यास अवजारे लागतात, आणि अवजारे हाती नसली तर बंदूक जमिनीवर आपटण्यापर्यंत लोकांची मजल जाते, जे भरलेल्या शस्त्राबाबत किती भयंकर आहे हे निराळे सांगावयास नको. हा दोष कंपनीने तीन दशकांहून अधिक काळ तसाच ठेवला. १९८० च्या दशकात तिने पट्टीच्या मध्यभागी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची चीर पाडून एक लवचीक जीभ काढली, जी अडकलेल्या काडतुसाच्या दाबाने वाकते व मूठ बळाने मागे ओढू देते. उपाय इतका अल्प खर्चाचा आणि इतका सोपा होता की, तो आधी का झाला नाही हाच प्रश्न कंपनीविरुद्धचा खरा पुरावा ठरतो. ज्यांच्या हातून अपघाताने काडतूस निसटले त्यांना 'नीट भरावयास शिका' असे उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहिले. आणि वापरणाऱ्याची चूक म्हणून जे खपविले गेले, ते पोलादात एक चीर पाडताच नाहीसे झाले.

दुसरे कलम अडसरांचेच आहे. पेटीच्या दोन्ही बाजूंचे अडसर, आणि रिकामे काडतूस बाहेर उडविणारी पट्टी, ही ८७० मध्ये पेटीच्या भिंतीला ठोकून वा रिव्हेटने पक्की केलेली असतात. नवी असताना ही बांधणी घट्ट व उत्तम. परंतु वर्षांनी ठोकलेली कड झिजली की अडसर डुगडुगू लागतो, आणि तो पुन्हा बसविण्यासाठी खास हत्यार व सराव असलेला हात लागतो. ८७० ची प्रतिस्पर्धी म्हणून जी जन्मास आली त्या मॉसबर्ग ५०० मध्ये हेच भाग हाताने निघतात अथवा एका स्क्रूने बसतात. चरखा संघाच्या अटींवर उभे करून पाहिले तर गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येण्याच्या कलमावर येथे ८७० चा पराभव होतो, आणि तो स्पष्ट पराभव होय.

सेफ्टीच्या कळीचा वाद मी थोडक्यात आटोपतो. रेमिंग्टनची कळ खटक्याच्या मागे आडवी दाबावयाची असते व ती उजव्या हाताच्या माणसास सोयीची पडते. मॉसबर्गची कळ पेटीच्या माथ्यावर अंगठ्याखाली असते व ती दोन्ही हातांना सारखी, परंतु ती पुष्कळ काळ प्लॅस्टिकची होती व तुटत असे. लष्करासाठी जी मॉसबर्ग तयार झाली तिच्यात कळ व खटक्याचे कडे दोन्ही धातूचे घातले गेले, एवढ्यावरून निकाल कळून यावा.

दस्त्याच्या लांबीकडे मात्र आपल्याकडील माणसाने अधिक लक्ष द्यावयास हवे. खटक्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर ८७० मध्ये चौदा इंचांच्या आसपास ठेवलेले असते, जे सहा फुटी अमेरिकी शेतकऱ्याच्या मापाने बेतलेले आहे. आपल्या विदर्भातल्या पाच फूट चार इंचांच्या माणसाने ती खांद्याला लावली की डावा हात ताठ होतो, मूठ पुरती मागे येत नाही, आणि अर्धवट ओढलेल्या मुठीमुळे रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवे वर येत नाही. अनुभवी मंडळी या अडकण्याचा सारा दोष वापरणाऱ्याच्या अर्धवट ओढीवर टाकतात. पण ओढ अर्धवट का राहिली याचे उत्तर पुष्कळदा दस्त्याच्या मापात असते, आणि 'एका स्त्रीला आठ तास श्रम न होता' या अटीचे जे मर्म आहे, की यंत्राचे माप माणसावरून घ्यावे, ते येथे नेमके मोडले गेले आहे.

या तीन-चार तक्रारी आराखड्याच्या झाल्या. जगात ८७० विषयी जो रोष सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येतो तो मात्र आराखड्यावरचा नाही, आणि या दोहोंची गल्लत करणे हा त्या आराखड्यावर अन्याय आहे. मॉसबर्गची पेटी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्याने ती स्वस्त पडे. तिच्या किमतीशी टक्कर देण्यासाठी रेमिंग्टनने १९८७ मध्ये 'एक्स्प्रेस' या नावाची स्वस्त आवृत्ती काढली. यंत्र तेच, पण वरचा चकचकीत निळा हात गेला व त्याजागी खरखरीत काळपट पृष्ठभाग आला, ज्यात ओल धरून राहते व गंज लवकर चढतो. पुढे खटक्याचे कडे प्लॅस्टिकचे झाले. काडतूस ओढणारा आकडा पोलादाच्या तुकड्यातून कोरून काढण्याऐवजी धातूची भुकटी साच्यात दाबून व भाजून तयार होऊ लागला.

परंतु या सर्वांहून त्रासदायक गोष्ट नळीच्या आत घडली. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसते ती जागा आतून गुळगुळीत घासलेली हवी. घाईने कातलेल्या नळ्यांत तिथे कातणीच्या बारीक रेषा राहून जाऊ लागल्या. याच सुमारास बाजारात स्वस्त काडतुसे आली, ज्यांच्या बुडाशी पितळेऐवजी पितळेचा मुलामा दिलेले पोलाद असते. पितळेचा गुण असा की, स्फोटाच्या दाबाने ते फुगून नळीला चिकटते व दाब ओसरताच आपल्या मूळ आकाराकडे परत आकसते. साध्या पोलादाचा पत्रा तसा आकसत नाही, तो फुगला तो बराचसा फुगलेलाच राहतो. खरखरीत नळीत असे फुगलेले पोलादी बूड रेषांना धरून बसले म्हणजे मूठ जागच्या जागी खिळते. इतर कित्येक बंदुकांत ते काढण्याचे काम वायू किंवा स्प्रिंग करते. येथे फक्त माणसाचा दंड. म्हणून जी तक्रार अन्य बंदुकीत किरकोळ ठरली असती ती या बंदुकीत मुख्य ठरली. महागड्या पितळी काडतुसांनी तीच बंदूक निर्धोक चाले, यावरून दोष कोठे होता हे ठरविण्यास न्यायाधीशाची गरज नाही.

आपल्याकडील जुन्या शिकाऱ्यांना काडतूस अडकण्याचा वेगळाच अनुभव होता, आणि त्याचा आरोपी पाऊस होता. १९६० पर्यंत जगभर काडतुसाची नळकांडी बहुतेक कागदाची असत. मृगाचा पाऊस लागला व खोलीत ओल शिरली की तो कागद सुजे, आणि मग दुनळीतसुद्धा काडतूस बोटाने रेटावे लागे व उडाल्यावर चाकूच्या टोकाने काढावे लागे. रेमिंग्टननेच १९६० मध्ये प्लॅस्टिकचे काडतूस आणले आणि हा प्रश्न संपत गेला. त्याच कंपनीने एका हाताने ओल घालविली आणि सत्तावीस वर्षांनी दुसऱ्या हाताने गंजाला वाट दिली.

भारतात या तक्रारींचे स्वरूप थोडे बदलते, कारण येथे बंदूक निवडणे हे मुळात बाजाराचे काम नसून परवान्याचे आहे. खाजगी इसमांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद झाली, त्यामुळे त्यापूर्वी आलेल्या जुन्या ८७० हातोहात फिरत राहिल्या. शिवाय सरकारी आयुध कारखान्यांनी बारा बोरची स्वतःची पंपबंदूक तयार केली. काडतुसे मात्र महाराष्ट्रातच, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात, व 'शक्तिमान' हे त्यांचे नाव जुन्या परवानाधारकांच्या तोंडी बसलेले आहे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम मला या प्रकरणात फार महत्त्वाचे वाटते. त्यात संरक्षणासाठी अथवा शिकारीसाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अशी निराळी नोंद आहे. अमेरिकेत घरगुती संरक्षणासाठी जी ८७० सर्वाधिक विकली जाते तिची नळी अठरा किंवा साडेअठरा इंचांची असते. तेव्हा ती हुबेहूब येथे आली तरी या नोंदीत बसणार नाही. आणि ज्याला बंदुकीची खरी गरज भासते तो वर्ध्याच्या आसपासचा शेतकरी, जो कपाशीत, तुरीत आणि हरभऱ्यात रात्ररात्र जागल करतो आणि रानडुकरांचा व रोह्यांचा कळप सकाळपर्यंत शेत उलथून टाकताना पाहतो, त्याच्यापर्यंत कायदा येतो तो पंप घेऊन नव्हे, तर ठासणीची बंदूक घेऊन. तीही चालविण्यापूर्वी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे वन खात्याची परवानगी हवी. ठासणीच्या बंदुकीत अडकण्याजोगे काडतूसच नसते, फुगणारे बूड नसते, ठोकलेला अडसर नसतो. तिच्या तक्रारी वेगळ्या आहेत, आणि त्या कोणी लिहून ठेवीत नाही, याचे मला वाईट वाटते.

रेमिंग्टन कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. १८१६ साली एलिफलेट रेमिंग्टनने जिचा आरंभ केला असे कंपनी सांगत आली, तिच्या न्यूयॉर्क राज्यातील इलियनच्या कारखान्याचे दरवाजे मार्च २०२४ मध्ये बंद झाले. १९५० च्या दशकात त्या कारखान्यातून निघालेल्या ८७० अजूनही चालतात. चरखा संघाच्या वीस वर्षांच्या अटीपेक्षा त्या तिप्पट टिकल्या, आणि त्यांत १९८० च्या दशकातली सुधारलेली पट्टी बसविता येते. ज्या वाचकाच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची अशी बंदूक परवान्यावर असेल, त्याने ती उघडून पट्टीच्या मध्यभागी चीर आहे की नाही हे एखाद्या परवानाधारक कारागिराकडून एकदा अवश्य पाहून घ्यावे.